हिरव्या खुणेचा पत्ता

लाल कार्ड कॉल : फेरआढावा

(ज्याने कॉल घेतला त्यानेच दोन दिवसांत भरावा. एका रकान्यात जास्तीत जास्त चाळीस शब्द. कागद राज्य समितीकडे जाणार आहे, अक्षर नीट काढावे.)

रकाना ३१. निष्पत्ती

हा मी सगळ्यात शेवटी भरणार आहे. पण समितीतल्या मंडळींनी जीव मुठीत धरून वाचू नये म्हणून एवढंच सांगते, की काल घरी जाऊन मी पोटभर जेवले, दहा तास झोपले आणि सकाळी नवऱ्याने विचारलं, "आज स्वयंपाकघरात गाणं कसं काय?" यावरून काय ते ओळखा.

रकाना १. कॉल घेणाऱ्याची माहिती

राज्याच्या मानसिक आधाराच्या मदत-क्रमांकावर तीन वर्षं. त्याआधी आठ वर्षं एका कंपनीत वॉशिंग मशीनच्या तक्रारी घ्यायचे. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असायचा : मशीन कुठे आहे? हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*शेजारी पेन्सिलीने :* समितीला वॉशिंग मशीन कशाला?

(हा शेरा हेडबाईंचा. त्या आमच्या पाळीच्या प्रमुख. मी एकेक पान लिहून त्यांच्या टेबलावर ठेवते आणि त्या पेन्सिलीने बोलतात. त्यांचं बोलणं मी खोडलेलं नाही.)

रकाना २. कामाची जागा, थोडक्यात

आठ टेबलं. मध्ये जाड कापड लावलेल्या फळ्या, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊ नये. प्रत्येक टेबलाला एक हूक आणि हुकाला तीन कार्डं. पांढरं म्हणजे ठीक चाललंय. पिवळं म्हणजे जवळ येऊन उभं राहा. लाल म्हणजे गाडी पाठवा, आणि फोनवरच्या माणसाचं बोलणं तुटू देऊ नका. हेडबाई मध्ये उंच स्टुलावर बसतात. लाल कार्ड दिसलं की त्या त्यांच्या पडद्यावरून माझा पडदा बघतात, तिथला पत्ता उचलतात आणि गाडीला कळवतात. आमचं बोलणं चिठ्ठ्यांवर. हेडबाई चिठ्ठी लिहितात ती जाड काळ्या पेनने, भिंतीवर घोषणा रंगवाव्यात तशी.

रकाना ३. नवीन गाडीबद्दल मत

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत लाल कार्ड म्हणजे पोलिसांना फोन. ते बिचारे यायचे, पण भोंगा वाजवत यायचे. सगळी गल्ली गोळा व्हायची आणि ज्याच्यासाठी आले तो माणूस लाजेने अर्धमेला व्हायचा. आता पांढरी साधी गाडी जाते. तिच्यावर काही लिहिलेलं नसतं. आत एक नर्स, साध्या कपड्यांत. चालवायला मामा. ते कुणाचे मामा ते कुणाला माहीत नाही, पण कागदोपत्रीसुद्धा आता ते मामाच आहेत.

मत : गाडी उत्तम आहे. पण तिला कुठे जायचं हे कुणीतरी बरोबर सांगितलं पाहिजे.

रकाना ४. कॉल आल्याची वेळ

दुपारी ३.४१.

रकाना ५. कॉल करणाऱ्याचं पहिलं वाक्य

"मला काही बोलायचं नाहीये. फक्त फोन चालू ठेवा."

रकाना ६. त्यावर तुमचा प्रतिसाद

"ठेवते."

रकाना ७. संभाषण

चार मिनिटं काहीच नाही. मी मधूनमधून "आहे मी" म्हणत होते. पुरुषाचा श्वास, पन्नाशीच्या आसपासचा. आणि त्याच्यामागे एक आवाज. टक टक, टक टक. घड्याळापेक्षा जाड.

मी म्हटलं, "एक विचारू? तुम्ही गाडीत बसलाय का? इंडिकेटर चालू राहिलाय."

पलीकडून आलं, "कुठल्या बाजूचा?"

"ते मला इथून कसं दिसणार, दादा?"

तो हसला नाही, पण त्याचा श्वास जरा मोकळा झाला. मग म्हणाला, "एकोणीस दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बोललं. तीस वर्षं मी लोकांना तेच सांगतोय. वळून झालं की इंडिकेटर बंद करा. आणि आज माझाच चालू."

"शिकवता का गाडी?"

"मास्तर म्हणतात मला सगळे. अर्ध्या गावाला मी चालवायला शिकवलंय. उरलेलं अर्धं गाव मला बघून रस्ता ओलांडतं."

माणूस विनोद करत होता, आणि आवाज असा होता की विहिरीच्या तळातून येतोय. अशा वेळी मला जास्त भीती वाटते.

*पेन्सिलीने :* शब्द मोजलेस का?

*मी :* मोजले. चाळीसच्या वर आहेत.

रकाना ८. त्रासाचं कारण (एकच पर्याय निवडा : घरगुती / नोकरी / आजारपण / प्रेम / इतर)

ब्रेक.

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्यापुढे आणि एक मास्तरच्या पायाशी. एकोणीस दिवसांपूर्वी एक मुलगी शिकत होती. एक म्हातारबाबा फुटपाथवरून न बघता खाली उतरले. मुलगी गोठली. मास्तरांनी ब्रेक दाबला. म्हातारबाबांचं खुब्याचं हाड मोडलं. आता ते बरे होताहेत, काठी धरून संडासापर्यंत जातात आणि सगळ्यांना सांगतात की चूक माझीच, मीच रस्ता बघितला नाही.

"म्हणजे कुणी तुम्हाला बोललं नाही?"

"तेच तर. कुणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या. मी अर्धा सेकंद उशिरा दाबला, बाई. मला माहितीय. तेव्हापासून माझा हा पाय उचललाच जात नाही. जेवताना दाबलेला. अंघोळीत दाबलेला. झोपायला आडवा झालो की गादीत टाच रुतवून दाबलेला. एकोणीस दिवस डोळ्याला डोळा नाही."

मी इथे "अपघातानंतरचा ताण" असं लिहू शकले असते. "इतर"वर खूण केली आहे.

रकाना ९. थेट प्रश्न विचारला का?

हो. आम्हाला शिकवलंय, आडून विचारायचं नाही. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. ते आधीच तिथे असतं आणि एकटं असतं.

"मास्तर, जीव द्यायचा विचार येतोय का?"

"हो."

"आज?"

"आज."

"सोबत काही आणलंय?"

"हो."

ते काय ते मी रकाना १० मध्ये लिहिलं होतं आणि मग खोडलं. समितीला त्याचा उपयोग नाही.

~~रकाना १०.~~

रकाना ११. तातडीने काय केलं?

उजव्या हाताने लाल कार्ड वर केलं. तोंडाने म्हणत होते, "मास्तर, माझं एक काम करा. ते जे आणलंय ते डिकीत ठेवा, कुलूप लावा आणि डिकीची किल्ली तुमच्यापासून लांब कुठेतरी ठेवून या. फोन हातातच राहू दे."

"त्याने काय होणार?"

"मला नीट ऐकू येईल. आत्ता माझं अर्धं लक्ष त्या वस्तूकडे आहे."

मग दार उघडल्याचा आवाज, डिकी आपटल्याचा आवाज, पावलं. मी पावलं मोजली, एकसष्ट. "डिकीची किल्ली वेगळी आहे, पलीकडच्या शेवटच्या डब्यावर ठेवलीय," तो म्हणाला, आणि एकसष्ट पावलं परत.

डबे कसले, हे मी विचारलं नाही. घरासमोर गाडी आहे, कुणाचे तरी डबे ठेवलेले असतील, असं वाटलं. हे वाक्य समितीने अधोरेखित करावं.

रकाना १२. गोपनीयतेबद्दल काय सांगितलं?

परत आल्यावर तो म्हणाला, "ताईला कळता कामा नये."

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच वाढवलं. तिच्यासमोर तो अजून सिगारेट लपवतो.

मी म्हटलं, "जिवाला धोका असला तर मला मदत पाठवावीच लागते, ते मी लपवणार नाही. पण ताईंना तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही कळवणार नाही. शब्द देते."

३.५५ ला दिला हा शब्द. ३.५६ ला गाडी निघाली.

रकाना १७. ठिकाण

मधले रकाने ओलांडून मी इथे आले, कारण सगळा घोळ इथे आहे.

दोन महिन्यांपूर्वी नवीन प्रणाली आली. नंबर आला की पडद्यावर पत्ता आपोआप भरला जातो आणि त्याच्यापुढे हिरवी खूण उमटते. आधी आम्ही चाचपडत विचारायचो, कुठे आहात, जवळ काय आहे. त्यात माणसं बिथरायची, फोन ठेवायची. हिरवी खूण आली आणि आमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मग आम्ही विचारणंच सोडलं. कुणी हुकूम काढला नाही. आठ टेबलांवर आठ जणांनी आपापलं सोडलं.

हिरवी खूण म्हणजे पत्ता पडताळलेला आहे. कधी पडताळलेला? तर सिम घेताना. मास्तरांनी सिम घेतलं त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा ते ताईंकडे राहायचे.

मी स्वतःच्या कानांनी इंडिकेटर ऐकला होता. एकसष्ट पावलं ऐकली होती. आणि पडद्यावर लिहिलं होतं, दुसरा मजला, खोली सहा. मी कानांना गप्प बसवलं आणि डोळ्यांचं खरं मानलं.

*पेन्सिलीने :* पत्ता मी पाठवला. चूक दोघींची लिही.

*मी :* लिहिली.

रकाना १८. हेडबाईंच्या चिठ्ठ्या (मूळ प्रती जोडल्या आहेत)

४.०९
गाडी पोचली. तो घरी नाही.

४.१०
दार बहिणीने उघडलं.

४.१०
तिला कळलं.

ही तिसरी चिठ्ठी हेडबाईंनी अगदी बारीक अक्षरात लिहिली होती. बावीस वर्षं या कामात आहेत त्या. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

४.१२
ती म्हणते तो दोनच ठिकाणी जातो. जुन्या आगारामागचं मैदान किंवा नदीकडचा नवीन रस्ता. दोन्ही दोन टोकांना.

४.१३
कुठे? विचार. बहिणीचं सांगू नकोस.

रकाना १९. निर्णय कसा घेतला?

फोनवर मास्तर शांत होत चालले होते. वाक्यं तुटक झाली होती. शांत होणं दोन तऱ्हेचं असतं आणि हे दुसऱ्या तऱ्हेचं होतं.

मी विचारलं, "मास्तर, कुठे आहात आत्ता?"

"कशाला? पोलीस पाठवणार. आमच्या शेजारी आले होते एकदा. त्या माणसाला सहा महिने कुणी तोंड वर करून बघू दिलं नाही."

"पोलीस नाहीत आता. एक नर्स आहे, एक मामा आहेत."

"सगळे असंच म्हणतात. बाई, तुम्ही चांगल्या आहात. आता ठेवू का फोन?"

हेडबाईंची चिठ्ठी माझ्या नाकासमोर होती, सांगू नकोस. त्यांचंही चूक नव्हतं. ज्या एका गोष्टीची त्याला लाज वाटत होती तीच घडली होती, आणि आमच्या हातून घडली होती. हे कळल्यावर तो फोन ठेवेल आणि त्या शेवटच्या डब्याकडे एकसष्ट पावलं चालत जाईल, हे मलाही दिसत होतं. पण न सांगता मी त्याच्याकडे ठिकाण मागणार कशाच्या जोरावर? विश्वास ठेवा म्हणायचं आणि पोटात हे ठेवायचं?

मी चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली.

"मास्तर, ठेवू नका. आमच्याकडून एक मोठी चूक झालीय आणि ती तुम्हाला माझ्याकडूनच कळली पाहिजे. पडद्यावर तुमचा जुना पत्ता होता. आमची गाडी ताईंच्या घरी गेली. ताईंना कळलंय. मी शब्द दिला होता आणि तो मोडला. माफ करा."

टक टक. टक टक.

टक टक.

हेडबाई स्टुलावरून उतरल्या होत्या आणि माझ्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या.

टक टक.

(समितीला : या रकान्यात इथे सदतीस सेकंद मोकळे सोडले आहेत. वाचताना तेवढं थांबावं.)

"ताई काय म्हणाली?" लहान मुलासारखा आवाज.

मला माहीत नव्हतं. मी हेडबाईंकडे बघितलं. त्यांच्या दुसऱ्या कानाला गाडीतल्या नर्सचा फोन होता. त्या लिहू लागल्या, पेन कागदावर ओरखडे काढत होतं.

रकाना २०. नातेवाईकाचं म्हणणं (जसंच्या तसं)

त्याला म्हणावं मी केसांना रंग लावत होते. अर्धं डोकं झालंय अर्धं राहिलंय. डोक्याला पिशवी गुंडाळून गाडीत बसलेय. डब्यावर लिहिलंय अर्ध्या तासात धुवा नाहीतर केस जळतील. तेव्हा कुठे आहेस ते मुकाट्याने सांग गाढवा.

मी एका दमात वाचून दाखवलं, "गाढवा"सकट.

पलीकडे एक विचित्र आवाज झाला. मला वाटलं खोकला आला. मग कळलं, हसताहेत. हसता हसता रडायला लागले, की आधी रडत होते आणि मग हसले, ते मला फोनवर नीट लागलं नाही.

"ताई केस रंगवते?"

"असं दिसतंय."

"अहो, साठ वर्षांची बाई! आम्हाला म्हणते आपल्या घराण्यात पांढरे होतच नाहीत. मी आरशात बघून झुरायचो की माझेच कसे झाले!"

"मास्तर, अर्धा तास म्हणाल्यात."

"आगारामागे," ते म्हणाले. "सिमेंटचं मैदान. रंगाचे रिकामे डबे मांडलेले दिसतील, रिव्हर्स शिकवायला लावतो मी. शेवटच्या डब्यावर किल्ली आहे. गाडी चालवतंय कोण?"

"मामा."

"त्यांना म्हणावं आगाराच्या पुढच्या फाटकातून येऊ नका, तिथे खड्डा आहे. मागून या. आणि वळून झालं की इंडिकेटर बंद करा."

रकाना २१. प्रतीक्षेचा काळ

बारा मिनिटं. कशाबद्दल बोललो ते सगळं आठवत नाही. ताईंना त्यांनी पहिल्यांदा गाडी शिकवली तेव्हा त्या पाच वेळा नापास झाल्या आणि पाचही वेळा परीक्षकालाच रागावून आल्या, हे आठवतं. मी माझ्या वॉशिंग मशीनचं सांगितलं. एका बाईने मशीनमध्ये मांजर गेलंय म्हणून फोन केला होता आणि मी आधी मशीनचा नंबर विचारला होता.

"मग मांजर?"

"आपलं आपण बाहेर आलं. माझ्यामुळे नाही."

मग ते मध्येच थांबले. "पांढरी गाडी आली." जरा वेळाने, "अरे देवा."

"काय झालं?"

"निळी पिशवी आहे डोक्याला. कानामागून काळे ओघळ आलेत. ती पळतेय, बाई. तिचा गुडघा दुखतो आणि ती पळतेय."

दार उघडलं. मग बराच वेळ नुसती खसखस, फोन कुणाच्या तरी खांद्यात दबला असावा. मग बाईचा आवाज, धाप लागलेला, अगदी जवळून :

"अहो कोण बोलताय? तुमचा कान दुखला असेल. ठेवा आता, मी बघते याच्याकडे."

४.३१. मी पांढरं कार्ड वर केलं. बाकीच्या सातही टेबलांवरच्या माना वळल्या. सगळ्याजणी फोनवर होत्या, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. एकीने नुसता टेबलावर हात आपटला. हेडबाई माझ्या खुर्चीमागेच खाली जमिनीवर बसल्या, साडीची पर्वा न करता, आणि म्हणाल्या, "पाणी."

*पेन्सिलीने :* हे काढून टाक.

*मी :* नाही.

*पेन्सिलीने :* बरं.

रकाना २६. सुधारणेच्या सूचना

एक. ठिकाणाचा प्रश्न सतराव्या जागेवरून पहिल्या जागी आणावा. "तुमचा पत्ता सांगा" असं विचारू नये, त्याने माणूस दचकतो. "कुठे बसलाय आत्ता? समोर काय दिसतंय?" असं विचारावं. हे पाळतीसारखं वाटत नाही, सोबतीसारखं वाटतं. काल दुपारपासून आम्ही आठही जणी असंच विचारतोय. सतरा कॉलमध्ये एकानेही फोन ठेवला नाही. एका मुलीला समोर भिंतीवर पाल दिसत होती, तर पहिली पाच मिनिटं आम्ही पालीवरच बोललो.

पुढची. हिरवी खूण काढावी. पत्ता दाखवायचा तर दाखवा, पण त्याच्यापुढे लिहा : सिम घेताना दिलेला. रंग राखाडी. हिरवा बघितला की माणूस पुढे जातो, ही सवय रस्त्यावरची आहे. (हे मास्तरांनी सांगितलं. सकाळी त्यांच्या वॉर्डात फोन केला होता, तेव्हा. "सिग्नल हिरवा असला तरी आधी बघायचं, मग निघायचं, हे मी पहिल्या दिवशी शिकवतो," म्हणाले. मी म्हटलं, "आम्हाला शिकवायला या." म्हणाले, "आधी डॉक्टर सोडू देत.")

आणखी एक. चूक झाली तर ती कॉल चालू असताना सांगायची की नाही, याबद्दल नियमावलीत एक ओळही नाही. मी सांगितलं आणि निभावलं. दर वेळी निभावेलच असं मी लिहून देणार नाही. समितीने यावर बसून बोलावं, आम्हाला बोलावून बोलावं.

*पेन्सिलीने :* या मुद्द्याखाली माझीही सही घे. त्या वेळी मी नको म्हणाले होते, तेही लिही.

लिहिलं.

रकाना ३१. निष्पत्ती

आता भरते. हे सगळं नर्सने सांगितलेलं आहे. काल संध्याकाळी गाडी परत आली तेव्हा, चपला काढून, पाय टेबलावर ठेवून.

मास्तरांनी आपणहून डिकी उघडून दिली आणि नर्सने ती वस्तू ताब्यात घेतली. त्यांची गाडी तिथेच डब्यांमध्ये कुलूप लावून ठेवली. इंडिकेटर बंद केला. तो डाव्या बाजूचा होता.

पांढऱ्या गाडीत मास्तर सवयीने पुढे, मामांच्या शेजारी बसायला गेले. ताईंनी दंडाला धरून मागच्या बाकावर ओढलं. बसता बसता म्हणाले, "मामा, क्लच हळू सोडा हो." मामा म्हणाले, "मास्तर, तुम्हीच शिकवलंय मला. सव्वीस वर्षं झाली. हळूच सोडतो." मास्तरांनी मान पुढे काढून आरशात त्यांचा चेहरा बघितला आणि ओळखलं नाही. मामांनी मनाला लावून घेतलं नाही. शिकायला जायचे तेव्हा त्यांना मिशी होती.

नर्सला वाटलं होतं आता ताई प्रश्नांची फैर झाडतील. पण त्या फक्त मास्तरांच्या पायाकडे बघत होत्या. उजवा पाय पुढच्या सीटखाली ताणलेला, टाच रुतलेली. मग त्या म्हणाल्या, "अरे, मागे बसलायस तू. इथे ब्रेक नाहीये."

मास्तरांनी वाकून खाली बघितलं. नुसती रबराची चटई होती.

आगारापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. सहाव्या मिनिटाला मास्तरांचं डोकं कलंडलं. आधी खिडकीवर, मग ताईंच्या खांद्यावर, त्या काळ्या ओघळांवर. बघता बघता तोंड उघडं पडलं आणि घोरणं सुरू झालं. एक बूट आपोआप निसटला. नर्सने नाडी बघितली, बोटांनी हलकेच, आणि मामांना आरशातून खूण केली की सगळं ठीक आहे.

हॉस्पिटलचं फाटक आलं. मामांनी वेग कमी केला.

ताईंनी डोक्यावरची पिशवी चाचपली. डोकं आता चांगलंच चुणचुणत असणार. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. नर्स म्हणाली, "आत बेसिन आहे, लगेच धुऊन घ्या तुम्ही."

ताई मामांना म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, "बाहेरून एक फेरी मारा."

नर्सने घड्याळ बघितलं, डॉक्टरांना फोन केला, पेशंट झोपलाय म्हणून सांगितलं. तिकडून हो आलं.

मामांनी हॉस्पिटलला चार फेऱ्या मारल्या, दुसऱ्या गिअरमध्ये, एकही धक्का न देता.